चढ

सेव्हिया, स्पेन. रात्री पावणेबारा.

पायात गोळे आलेत, तरी झोप नाही. चिंगीचं एकच वाक्य सकाळपासून डोक्यात फिरतंय. "अगं आई, वर पायऱ्याच नाहीयेत! नुसता चढ आहे. तुला आरामात जमलं असतं."

कॅथेड्रलचा मनोरा, हिराल्दा, उतरून आली तेव्हा म्हणाली. केस वाऱ्याने विस्कटलेले, चेहरा फुललेला. वाईट काही बोलली नाही बिचारी. पण "जमलं असतं" हे ऐकलं आणि पोटात काहीतरी खाली गेलं, ते अजून वर आलेलं नाही.

तिकीट माझंही होतं. कॅथेड्रलच्या तिकिटात मनोरा असतोच. ते दोघं वर गेले आणि मी मोठ्या वेदीसमोरच्या बाकावर, मांडीवर तिघांच्या पिशव्या आणि जावईबापूंचं जाकीट घेऊन. समोर सोन्याने मढवलेलं लाकडी कोरीवकाम थेट छतापर्यंत. पाहावं तितकं थोडं, पण मी पाहिलंच नाही धड. लोक मनोऱ्याकडे जात होते, येत होते. माझ्याहून वयाने मोठी एक बाई काठी टेकत उतरून आली. काठी टेकत!

मूळ हिराल्दा ११९८ साली पुरी झाली, तेव्हा तो मशिदीचा मिनार होता. बांग देणाऱ्याला दिवसातून पाच वेळा वर जायचं, म्हणून आतून ३५ उतरणी केल्या, घोड्यावर बसून जाता येईल अशा रुंद. पायऱ्या काय त्या अगदी शेवटी थोड्याशा. आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी दमणाऱ्या माणसाचा विचार करून ठेवला होता, आणि मला खालीच बसवलं. पर्वतीच्या १०३ पायऱ्या मी किती वर्षं रोज सकाळी चढले. दूधवाला यायच्या आत परत. ते बंद झालं ते गुडघ्यामुळे नाही, हे चिंगीलाही माहीत आहे.

बाहेर पडताना कोलंबसची कबर. चार राज्यांचे चार पुतळे खांद्यावर पेटी घेऊन उभे. चौघे, खांद्यावर. त्याबद्दल आज नको.

मग नदीपलीकडची त्रियाना वस्ती. पुलावरून ग्वादालकिवीर ओलांडली. नाव अरबी, अर्थ मोठी नदी. संत्र्याच्या झाडांना फुलं आलीत, सगळ्या गल्ल्यांत तो वास. फळं मात्र कडू, तशी खात नाहीत. अडीच वाजता जेवायला गेलो आणि ती म्हणे इथली बरोबर वेळ. जुना बार, सगळे उभ्यानेच खाणारे. जावईबापू लगेच माझ्यासाठी स्टूल शोधायला निघाले. "आई, तुम्ही बसा." मी म्हटलं, नको. जरा जोरातच म्हटलं असणार, कारण चिंगीने वळून पाहिलं. तासभर उभी राहिले. कंबर भरून आली तरी उभी राहिले.

पण जेवण! पालक आणि काबुली चणे. लसूण, जिरं, तळलेला पाव वाटून लावलेला, घट्ट. पहिला घास घेतला आणि क्षणभर कुठे आहे तेच कळेना. नुसतं जिरं, पण त्या वासाने घरी आणून सोडलं. 'हामोन नको', म्हणजे डुकराचं मांस नको, एवढं चिंगी प्रत्येक ठिकाणी बजावत होती माझ्यासाठी. मग बटाट्याची तोर्तिया, म्हणजे जाडसर ऑम्लेट, आत अजून ओलसर. बटाट्याला हे लोक पाताता म्हणतात. आपला शब्द पोर्तुगीजांकडून आला, म्हणजे दोन्ही सख्खे शेजारी. बटाटा समुद्रापलीकडून निघाला आणि अर्धा इकडे राहिला, अर्धा आपल्या उपासाच्या ताटात आला. ह्यांना हे सांगायला फार आवडलं असतं. हिशोब पोराने काउंटरच्या लाकडावरच खडूने लिहिला आणि पैसे मिळाल्यावर फडक्याने पुसून टाकला.

रस्त्यावरच्या लोखंडी झाकणांवर, बसवर, सगळीकडे एकच खूण: 'नो', मग आठच्या आकड्यासारखी लोकरीची लड, मग 'दो'. लडीला 'मादेहा' म्हणतात. सलग वाचलं की होतं 'नो मे आ देहादो', मला सोडलं नाही. दंतकथा अशी की दहाव्या आल्फोन्सो राजाच्या मुलाने बंड केलं, पण हे शहर राजाच्या बाजूने राहिलं, तेव्हा तो असं म्हणाला. हे चिंगीने फोनवर वाचून दाखवलं, माझा हात धरून, रस्ता ओलांडताना. मी हात काढून घेतला नाही, पण नीट धरलाही नाही.

आता हे लिहिताना सकाळ पुन्हा आठवून पाहते आहे. मला कुणी बसवलं? चिंगी म्हणाली होती, "आई, मनोरा..." एवढंच. पुढचं वाक्य मी पुरं होऊच दिलं नाही. "जा तुम्ही, मी बसते इथे," हे मी म्हटलं. आणि म्हणायच्या आधीच बसलेही होते. पिशव्याही मीच मागून घेतल्या. ती दोनदा म्हणाली, "नक्की ना?" दोनदा. दिवसभर हे मला आठवलं नाही, आणि आता आठवतंय तर स्पष्ट ऐकू येतंय. हल्ली कुठेही गेलं की आधी बाक शोधते मी. कधीपासून, तेही ठाऊक आहे.

मनोरा राहिला तो राहिला. तिने वरून काढलेले फोटो जेवताना दाखवले होते, तेव्हा मी भराभर सरकवले. आत्ता पुन्हा एकेक उघडून पाहिले. पांढऱ्या गच्च्या, खाली संत्र्यांच्या झाडांचं ते चौकोनी आवार, ओळीने लावलेली झाडं. सुंदर आहे. एका फोटोत ती एकटीच, बाजूला माणूसभर जागा सोडून उभी.

उद्या ग्रानाडा. तिथे अल्हाम्ब्रा, जुना किल्ला-राजवाडा, टेकडीवर. चिंगी विचारेल तेव्हा तिचं वाक्य पुरं होऊ द्यायचं.