निळी छत्री, 340

सकाळी नेट गेलेलं, खिशात सुटे नाहीत. ठाण्यात उथळसरच्या दुकानात काकूंनी माझे 40 रुपये वहीत मांडले. वाकून पाहिलं तर माझं नावच नाही. ‘चष्मा, पोहे, 40’.

वरच्या ओळीही तशाच. ‘निळी छत्री, 340’. ‘जिन्याखालची, तेल अर्धा लिटर, 80’. ‘बाळंतीण, डिंक, खारीक’ आणि पुढे आकडाच नाही.

"काकू, नावं का नाही लिहीत?"

"गल्ल्यावर दहा जण डोकावतात. तुमच्यासारखे," पुडीला दोरा गुंडाळत म्हणाल्या.

ओशाळलोच. काकू स्वतः मात्र जांभळी नाक्याच्या बाजारातून रोखीने माल आणतात, रिक्षाचे पैसे वाचवत दोन्ही हातांत पिशव्या.

संध्याकाळी 40 दिले, ‘चष्मा’ खोडला गेला. पण त्या बाळंतिणीपुढचा आकडा राहून गेला असेल, की मांडलाच नसेल?