गीतकाराचा रकाना

डिसेंबरातली दुपार होती. जेवण उरकून जरा आडवे व्हावे म्हणून चष्मा काढून ठेवला आणि तेवढ्यात फोन वाजला. शाळेतल्या मैत्रिणींच्या गटावर कुणीतरी हिंदी चित्रपटांचे गीतकार शैलेंद्र यांचा कृष्णधवल फोटो टाकला होता. खाली जोडलेले हात, एक मेणबत्ती, ‘स्मृतिदिनी विनम्र अभिवादन’ आणि त्याच्याखाली ‘शैलेंद्रजींची अजरामर रचना’ म्हणून ‘तीसरी कसम’मधले ‘दुनिया बनानेवाले’. मी उठून बसले. चष्मा पुन्हा लावला. चित्रपट शैलेंद्र यांचा, आवाज मुकेश यांचा, संगीत शंकर-जयकिशन यांचे, सगळे खरे. फक्त गाणे तेवढे हसरत जयपुरी यांचे. निर्माता म्हणून शैलेंद्र यांनी ज्या एकाच चित्रपटात जीव आणि पैसा ओतला, त्यात त्यांनी आपल्या मित्राला लिहायला जागा दिली आणि लोकांनी ते गाणेही उचलून यांच्याच ओंजळीत टाकले. मी तसे सविस्तर लिहिले. दोन अंगठे आले, एक हसरा चेहरा आला आणि ‘अगं, गाणं छान आहे ना, मग झालं’ असा एक निर्वाळा आला. झोप मात्र गेली ती गेलीच.

गाण्याला गीतकाराचे नाव नसले किंवा चुकीचे असले की मला चैन पडत नाही, ही खोड माझी एकटीची नाही; ती मला काकांकडून वारशाने आली आहे. माझे काका कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांच्याकडे जाड पुठ्ठ्याच्या, हिशेबासाठी मिळतात तशा लांबट वह्या होत्या आणि त्यांत पट्टीने आखलेले रकाने: गाणे, चित्रपट, साल, गायक, संगीतकार आणि शेवटी गीतकार. सकाळी साडेसातला रेडिओ सिलोनवर जुन्या चित्रपटांची गाणी लागत. आठला तीन-चार मिनिटे उरली की सैगल यांचे गाणे येई आणि ते संपेपर्यंत काका डबा हातात घेऊन उंबऱ्यात उभे राहत. सिलोनची लाट कधी स्वच्छ येई, कधी समुद्रच घरात शिरल्यासारखा आवाज होई. गाण्याचे नाव ऐकू येई, चित्रपट ऐकू येई, गायक तर आवाजावरून कळतच. आणि नेमक्या गीतकाराच्या नावाला खरखर सुरू होई. मग तो शेवटचा रकाना रिकामा राही. काकांचा एक नियम होता: अंदाजाने लिहायचे नाही. ‘रिकामं राहू दे. आज ना उद्या कळंल,’ असे म्हणत ते पेन्सिल कानावर ठेवत.

कळायला तेव्हा साधने तरी कुठे होती? तबकडीवरची अक्षरे बारीक, आणि आमच्याकडे तबकड्या नव्हत्याच. थिएटरबाहेर काही आण्यांना गाण्यांची पुस्तिका मिळायची. तिच्यात कथेचा सारांश ऐन मोक्यावर सोडून ‘पुढील पडद्यावर पाहा’ असे सांगितलेले असे आणि गीतकारांची नावे बहुतेक वेळा एकाच ओळीत, ‘गीत: शैलेंद्र, हसरत जयपुरी’, अशी असत. कोणते गाणे कुणाचे, हे ज्याचे त्याने ओळखायचे. शंकर-जयकिशन यांचा चित्रपट म्हटला की ही जोडी ठरलेली, आणि काकांच्या वहीतले सर्वांत जास्त रिकामे रकाने याच चित्रपटांचे. लोकांनी त्यावर एक सोपी तोड काढली होती, ती अजूनही चालते: प्रेमाचे, लाडिक, चावट असेल तर हसरत यांचे, आयुष्याबद्दल, देवाबद्दल, जगाच्या रीतीबद्दल असेल तर शैलेंद्र यांचे. आमच्या गटावर झालेला घोटाळा याच तोडीने झाला. देवाला जाब विचारणारे गाणे आहे, तेव्हा ते शैलेंद्र यांचेच असणार! मग ‘श्री ४२०’मधले छत्रीतले ‘प्यार हुआ इकरार हुआ’ कुणाचे? शैलेंद्र यांचे. ‘चोरी चोरी’मधले ‘ये रात भीगी भीगी’? तेही त्यांचेच. आणि त्याच चित्रपटातले काळीज पिळवटणारे ‘रसिक बलमा’ हसरत यांचे. ‘बरसात’मध्ये तर हे दोघेच पुरत नाहीत, ‘हवा में उडता जाये’ हे रमेश शास्त्री नावाच्या गीतकाराचे आहे, जे नाव आज गाणे गुणगुणणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, देव जाणे.

‘मधुमती’ लागला की काकांचा चेहरा खुले, कारण त्यात संगीत सलील चौधरी यांचे आणि सगळी गाणी शैलेंद्र यांची. रकाना वरपासून खालपर्यंत बिनघोर भरायचा. ‘बंदिनी’तही जवळजवळ तसेच होते, फक्त ‘मोरा गोरा अंग लइ ले’ तेवढे गुलजार नावाच्या तेव्हा नवख्या असलेल्या तरुणाचे. याच ‘बंदिनी’तले आशाबाईंचे ‘अब के बरस भेज भय्या को बाबुल’ लागले की काकू हातातले काम टाकून भिंतीला टेकून बसे. तिचे माहेर काही फार लांब नव्हते, बार्शीला होते, पण लांब नसलेल्या माहेरीही जाणे होत नाही ते नाहीच. ती एकदा म्हणाली, ‘हे गाणं बाईनंच लिहिलेलं हाय. जात्यावर बसणाऱ्या बाईनं.’ काकांनी लगेच वही उघडून शैलेंद्र यांचे नाव दाखवले. काकूने त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ‘मग त्यानं बहिणीकडनं ऐकलं असंल,’ असे म्हणून ती उठली. मला अजूनही वाटते, या गाण्यावर आजवर जेवढे लिहिले गेले आहे त्यात हे समीक्षण वरच्या पंक्तीत बसावे.

काकांना शैलेंद्र आवडायचे त्याचे कारण मात्र काव्यात नव्हते. ‘आपल्या खात्याचा माणूस’ हे ते कारण. रावळपिंडीत १९२३ साली जन्मलेला, मथुरेत वाढलेला हा मुलगा नोकरीसाठी मुंबईला आला तो रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये वेल्डिंग शिकायला. दिवसा ठिणग्या आणि संध्याकाळी इप्टा या डाव्या विचारांच्या नाट्यसंस्थेच्या मंडळींत कविता. फाळणीच्या आगीवरची त्याची ‘जलता है पंजाब’ ही कविता ऐकून राज कपूर यांनी ती मागितली आणि याने ‘मी पैशासाठी लिहीत नाही’ म्हणून नकार दिला. पुढे घरात नड आली तेव्हा स्वतःच त्यांच्याकडे गेला, पाचशे रुपये घेतले आणि ‘बरसात’साठी दोन गाणी लिहिली. गाणी आणि त्यांचे गीतकार एकदा नोंदले की स्थिर राहतात, किस्से मात्र दर सांगणाऱ्यागणिक अंगाने भरत जातात, म्हणून एरवी मी किस्से पुढे पाठवत नाही. पण हा किस्सा काकांना इतका प्रिय होता की तो खोटा ठरवण्याची माझी छाती नाही. ‘वेल्डर होता, टाके पक्के घालायचा,’ असे ते म्हणत. शैलेंद्र यांची ओळ खरेच तशी असते. जोड दिसत नाही आणि सुटतही नाही.

१९७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा देशव्यापी संप झाला. मी तेव्हा चौथीची परीक्षा देऊन सुट्टीसाठी काकांकडे आले होते. धरपकड सुरू झाली आणि काका एका रात्री घरातून निघून गेले. जाताना मला एवढेच म्हणाले, ‘वही तू लिही.’ मग सकाळी साडेसातला काकू दार लावून घेई, मी रेडिओच्या जाळीला कान लावून बसे आणि त्यांच्या पेन्सिलीने माझ्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत नोंदी करी. गाणे, चित्रपट, गायक. शेवटचा रकाना बहुतेक रोज कोरा. बाहेर वर्कशॉपच्या रस्त्यावर कामगारांच्या बायका आणि पोरे घोषणा देत जात. त्यात एक घोषणा मला फार आवडे, कारण ती घोषणा न वाटता गाणेच वाटे: ‘हर जोर-जुल्म की टक्कर में, हडताल हमारा नारा है.’ मी ती अंगणात दोरीवरच्या उड्या मारताना म्हणायची. संप वीसेक दिवसांत मागे घेतला गेला, काका दाढी वाढलेल्या अवस्थेत परत आले, त्यांनी पहिल्यांदा वही पाहिली आणि मग पाणी मागितले. काकू त्यांच्याशी त्या दिवशी बोलली नाही.

ती घोषणा शैलेंद्र यांच्या कवितेतली आहे, हे मला खूप पुढे, वाचताना कळले. मी काकांना सांगितले तेव्हा ते निवृत्त झाले होते आणि कानाला यंत्र लावत होते. माटुंग्याच्या वर्कशॉपमधल्या कामगाराने लिहिलेली ओळ आपण चोवीस-पंचवीस वर्षांनी कुर्डुवाडीच्या फाटकावर घसा फाटेस्तोवर ओरडलो आणि तेव्हा ती कुणाची हे कुणालाच ठाऊक नव्हते, यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘ही कुठं लिहायची? चित्रपटाचा रकाना रिकामा राहील.’

मधल्या काळात कॅसेटी आल्या. डबिंग करून देणाऱ्या दुकानात गाण्यांची यादी द्यायची आणि आठवड्याने साठ किंवा नव्वद मिनिटांची कॅसेट आणायची, हा उद्योग तेव्हा माझ्या पिढीतल्या सर्वांनी केला आहे, त्यामुळे त्याचे वर्णन नको. यादीतले एखादे गाणे दुकानदाराकडे नसले की तो स्वतःच्या मर्जीने भलतेच घालून देई आणि एका बाजूला दोन मिनिटे उरली तर तिथे अर्धवट काहीतरी कोंबे; अजूनही ‘जागो मोहन प्यारे’ संपले की माझ्या कानात एका कव्वालीची पहिली ओळ आपोआप सुरू होते. पुण्यात रविवारी जुन्या बाजारात तबकड्या धुंडाळणारी मंडळी भेटत. त्यांतली काही दुर्मीळ गाणे घरी बोलावून ऐकवत, चहाही पाजत, पण टेप करू देत नसत. गाणे एकट्याकडे आहे यातच त्यांचे सुख होते. काकांना ते अजिबात समजत नसे. ते मागेल त्याला वही देत आणि वही परत आली की तिच्यात दुसऱ्या कुणाच्या अक्षरात भरलेला एखादा रकाना शोधत बसत. एकदा सोलापूरच्या कुणीतरी ‘पतिता’च्या गाण्यांपुढची नावे भरून पाठवली, तेव्हा काकूला शिरा करायला लावला होता.

आता गाणे कुणाकडे आहे, हा प्रश्नच उरलेला नाही. ‘अनुराधा’तले रविशंकर यांनी बांधलेले ‘हाय रे वो दिन क्यूं ना आये’ मला या क्षणी ऐकायचे असेल तर तीन अक्षरे टंकण्याच्या आत फोन ते पुढे करतो. तबकडीवर सव्वातीन मिनिटांत बसवण्यासाठी कापलेले अंतरेही चित्रपटाच्या प्रतीवरून कुणीतरी काढून ठेवलेले असतात. जमवायचे म्हणून काही शिल्लक नाही, त्यामुळे वाटण्यातही काही विशेष नाही. ज्याच्याकडे आधीच आहे त्यालाच आपण पाठवत असतो. आणि नेमके इतके सगळे मिळत असताना तो शेवटचा रकाना पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेत आहे. तेव्हा तो रिकामा असे. आता तो भरलेला असतो आणि चुकीचा भरलेला असतो. म्हणून मी गाणे कमी आणि नावे जास्त पाठवते. घरचे याला ‘आईची दुरुस्ती-मोहीम’ म्हणतात. गटावर मी काही लिहू लागले की दोघी-तिघी मुकाट्याने विषय बदलून भाज्यांच्या भावावर येतात, हेही माझ्या लक्षात आले आहे.

कधीकधी मात्र ती घोषणा आठवते आणि माझा मुद्दा जरा डळमळतो. अजूनही मोर्चांत ती देतात, बहुतेक वेळा ‘हडताल’च्या जागी ‘संघर्ष’ घालून. शिबिरांत मुले ‘तू जिंदा है तो जिंदगी की जीत में यकीन कर’ म्हणतात, तेही शैलेंद्र यांचेच, आणि तेही बहुधा नावाशिवाय. काकूच्या मते तर ‘अब के बरस’ला नावाची गरजच नव्हती. स्वतः शैलेंद्र यांना याचे वाईट वाटले असते की बरे, हे मला ठरवता येत नाही, आणि माझी खोड काही त्यावर अवलंबूनही नाही.

‘तीसरी कसम’ १९६६ साली आला आणि तेव्हा चालला नाही. कर्ज डोक्यावर होते, माणसे दूर झाली होती, आणि त्याच वर्षी १४ डिसेंबरला, राज कपूर यांच्या वाढदिवशी, शैलेंद्र गेले. वय त्रेचाळीस. पुढे त्याच चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. ‘मेरा नाम जोकर’ आला तो १९७० मध्ये. त्यातल्या ‘जीना यहां मरना यहां’चा मुखडा त्यांनी लिहून ठेवला होता आणि पुढचे गाणे त्यांचा मुलगा शैली याने पूर्ण केले. काकांच्या वहीत या गाण्यासमोर शेवटच्या रकान्यात त्यांच्या अक्षरात ‘शैलेंद्र’ आहे आणि त्याखाली माझ्या अक्षरात ‘शैली शैलेंद्र’. रकाना अरुंद असल्यामुळे मुलाचे नाव थोडे समासात गेले आहे.