बावीस ग्रॅम

आमच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याला २ ग्रॅम कळत नाहीत. चिमटीचिमटीने यीस्ट टाकत गेलं तर तो शून्यावरच बसून राहतो आणि मग एकदम ३ दाखवतो. आमच्या पिझ्झाला मात्र यीस्ट लागतं ते २ ग्रॅमच. मैदा ६०० ग्रॅम, पाणी ३९०, मीठ १२, यीस्ट २. सगळ्याची बेरीज १००४, म्हणजे साधारण २०० ग्रॅमचे पाच गोळे. आम्ही माणसंही पाचच. मी, नवरा, तेरा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि माझे बाबा.

ही मापं आता फ्रिजच्या दारावर चिकटवलेली आहेत. त्याआधी दीड-दोन वर्षं पिझ्झा मी एकटीच करायचे. घरच्या ओव्हनमध्ये तो एका वेळी एकच भाजता येतो. पहिला बाहेर आला की मुलं त्यावर तुटून पडायची, दुसरा नवऱ्याचा, तिसरा बाबांचा, आणि मी आपली ओव्हनसमोर उभी. पाचवा, म्हणजे माझा, होईपर्यंत बाकीच्यांची ताटं घासायला पडलेली असायची. "मस्त झाला होता हं," असं जाता जाता प्रत्येक जण म्हणायचा. मला त्याचा राग यायचा. चांगलं खायला घालूनही माणूस एकटं पडू शकतं, हे मला तेव्हा कोणाला सांगता आलं नाही. सांगायला हवं होतं.

मग एका शनिवारी माझं उजवं मनगट मुरगळलं. पिझ्झा रद्द म्हटल्यावर धाकट्याचा चेहरा असा पडला की नवरा बाह्या सावरून उभा राहिला. "तू बस आणि नुसतं सांग." मुलगी वजनकाटा घेऊन बसली आणि दुसऱ्याच मिनिटाला अडली. काटा शून्य दाखवत होता आणि वाटीत यीस्ट तर दिसत होतं.

"आबा, हा काटा बिघडलाय का हो?"

बाबांनी आयुष्यभर रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केलं. निवृत्त झाल्यावर आमच्याकडे आले आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच थांबायचे. चहाचा कप घ्यायला हात पुढे करायचे, पाय नाही. त्या दिवशी ते आत आले, चश्मा कपाळावर सरकवला आणि काट्याशी दोन मिनिटं खेळले. "बिघडलेला नाही," म्हणाले, "त्याला एवढं कमी कळत नाही, इतकंच. मग आपण त्याला जास्त देऊ."

त्यांनी ५० ग्रॅम पाणी मोजायला लावलं, त्यात ५ ग्रॅम यीस्ट. ५ ग्रॅम तो काटा नीट दाखवतो, मात्र थोडं थोडं न टाकता एकदम टाकायचं. चांगलं ढवळलं. "आता हे किती झालं?" पंचावन्न. "त्यात यीस्ट किती?" पाच. "म्हणजे कितवा भाग?" मुलीने ओठ हलवत हिशेब केला. अकरावा. "तर मग २ ग्रॅम यीस्ट हवं असेल तर यातलं किती घ्यायचं?"

"बावीस!" ती जवळजवळ ओरडलीच. आणि बाबांनी काही विचारायच्या आतच पुढे म्हणाली, "पण आबा, त्या बावीसमध्ये २० पाणी आहे. मग भांड्यात ३९० नाही, ३७० च टाकायचं."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. या मुलीला गणित जमत नाही असं आम्ही सगळेच, ती स्वतःसुद्धा, धरून चाललो होतो.

मोजायच्या आधी मिश्रण पुन्हा एकदा ढवळून घ्या, कारण यीस्ट पाण्यात विरघळत नाही, खाली बसतं. उरलेलं आम्ही दुसऱ्या कुठल्या पिठात वापरून टाकतो. पुढे बाबांनी तिला ब्रेड करणाऱ्यांची टक्केवारीही शिकवली. त्यात मैदा नेहमी १०० धरतात आणि बाकी सगळं त्याच्या प्रमाणात मोजतात. आमचं पाणी ६५ टक्के, मीठ २ टक्के. पाहुणे आले की ती आता पाचाचे आठ गोळे तोंडी करून देते.

मळणं नवऱ्याकडे आहे. ६५ टक्के पाण्याचं पीठ सुरुवातीला बोटांना चिकटतं आणि तिथेच वरून मैदा भुरभुरण्याचा मोह होतो. तो करू नका. सगळं एकत्र झालं की भांडं झाकून वीस मिनिटं बाजूला ठेवून द्या. गव्हाच्या पिठात ग्लूटेनिन आणि ग्लायडिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी मिळालं की ती एकमेकांत गुंफून ग्लूटेनचं जाळं विणायला लागतात आणि त्यातलं बरंचसं काम हात न लावताच होतं. वीस मिनिटांनी तेच पीठ हाताखाली वेगळंच लागतं. मग सात-आठ मिनिटं नीट तिंबलं की पुरे. झालं की नाही हे धाकटा ठरवतो. तो लिंबाएवढा तुकडा घेऊन खिडकीशी जातो आणि दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणतो. पडदा न फाटता इतका पातळ झाला पाहिजे की त्यातून उजेड आणि पलीकडच्या बोटांची सावली दिसावी. फाटला तर तो गंभीरपणे परत येऊन नवऱ्याला सांगतो, "बाबा, अजून दोन मिनिटं."

एका शनिवारी पीठ फुगलंच नाही. नवऱ्याने घाईत केटलमधलं पाणी घेतलं होतं. पाणी जवळपास ६० अंशांवर गेलं की यीस्ट मरतं, आणि ते त्याहून गरमच असणार. मी वैतागून सगळं टाकून द्यायला निघाले होते. बाबांनी थांबवलं. त्यांनी मुलांना दोन पेले आणायला लावले. दोन्हींत चमचाभर साखर, एकात कोमट पाणी, दुसऱ्यात केटलचं, दोन्हींत तेवढंच यीस्ट. दहा मिनिटांनी कोमट पेल्यावर करड्या फेसाची जाड टोपी चढली होती आणि दुसरा पेला नुसता गढूळ. धाकटा बराच वेळ त्या गढूळ पेल्याकडे बघत बसला. यीस्ट जिवंत असतं, ते साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, त्या वायूने ग्लूटेनच्या जाळ्यात फुगे धरतात, हे सगळं मी त्याला आधीही सांगितलं होतं. पण ते जिवंत असतं हे त्याला त्या पेल्यात ते मेलेलं पाहिल्यावर कळलं. आता पाण्यात बोट बुडवून बघायचं काम तो दुसऱ्या कोणाला करू देत नाही. ते न फुगलेलं पीठ आम्ही पातळ लाटलं, वर तेल आणि मीठ लावून कुरकुरीत भाजलं. तेही संपलं.

मळलेलं पीठ तासभर बाहेर राहतं आणि मग रात्रभर फ्रिजमध्ये. थंडीत यीस्ट मंदावतं, पण पिठातली विकरं स्टार्चची साखर करायचं काम सोडत नाहीत. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या पिठाला चव जास्त आणि भाजताना रंगही चांगला येतो. शनिवारी करून रविवारी खाण्याचं हे खरं कारण. अर्थात मला त्यातलं वाट बघणंही आवडतं. रविवारी सकाळी दूध घ्यायला फ्रिज उघडला की जो तो डब्याचं झाकण वर करून एकदा बघून घेतो.

सॉस धाकट्याचा. सोललेले टोमॅटो तो हाताने चुरतो, त्यात मीठ, थोडं ऑलिव्ह तेल, बेसिलची दोन पानं, बस. आधी शिजवायचा नाही, तो ओव्हनमध्येच शिजतो. आधी शिजवलेला सॉस दोनदा शिजून जड होतो, असं माझं स्पष्ट मत आहे. ताजं मोझरेला असेल तर ते फाडून तासभर स्वच्छ कापडावर पसरून ठेवावं. नाहीतर त्याच्या पाण्याने मधला भाग लगदा होतो.

वर काय घालायचं यावरून मात्र आमच्यात कडाक्याचे वाद होतात. धाकट्याला अननस लागतो. मुलीला ते पाप वाटतं. तिने "इटलीत असलं काही नसतं" म्हटलं की तो लगेच सांगतो की अननसाचा पिझ्झा १९६२ मध्ये कॅनडात सॅम पानोपुलोस नावाच्या माणसाने केला, आणि तो मूळचा ग्रीसचा होता. हे त्याला आबांनी शोधून दिलं. मुलगी मार्गेरिटावाली. १८८९ मध्ये राणी मार्गेरिटा नेपल्सला आली असताना राफाएले एस्पोसितो याने तिच्यासाठी टोमॅटो, मोझरेला आणि बेसिलचा पिझ्झा केला आणि त्याला तिचं नाव पडलं, ही गोष्ट ती ऐटीत सांगायची. पुढे तिनेच वाचलं की पुरावा म्हणून दाखवतात त्या पत्राच्या खरेपणावर इतिहासकारांनी शंका घेतली आहे आणि तसा पिझ्झा नेपल्समध्ये आधीपासूनच होता. दोन दिवस हिरमुसली होती. आता ती गोष्ट शंकेसकट सांगते, आणि मला ती तशीच जास्त आवडते.

गोळे खाण्याच्या दोन तास आधी फ्रिजमधून काढायचे. थंड पीठ ताणलं की आक्रसून परत येतं. जबरदस्ती करायची नाही, दहा मिनिटं सोडून द्यायचं, मग ते ऐकतं. लाटणं आमच्याकडे चालत नाही, कारण त्याने कडेचे फुगे चिरडतात आणि कड फुलत नाही. बोटांच्या टोकांनी मधून बाहेरच्या बाजूला दाबत जायचं आणि कडेचं बोटभर पीठ तसंच सोडायचं. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची ही हाताची कला युनेस्कोने २०१७ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. आमचे पिझ्झा गोल होत नाहीत. धाकट्याचा बहुतेक वेळा पानासारखा निघतो आणि तो देठाकडून खायला लागतो.

नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीचा तळ ४८५ अंशांच्या आसपास तापतो आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत तयार होतो. आमचा ओव्हन २५० च्या पुढे जात नाही. म्हणून जाड लोखंडी ट्रे उलटा ठेवून तो पाऊण तास आधीपासून तापवतो, त्यावर पिझ्झा आठेक मिनिटांत होतो. पाऊण तास म्हणजे पाऊण तासच. ओव्हनचा दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली, ट्रे अजून तापलेला नसतो.

फळीवरून त्या ट्रेवर पिझ्झा सरकवणं ही सगळ्यात अवघड गोष्ट. फळीवर आधी रवा भुरभुरायचा, पीठ ठेवलं की भराभर सॉस-चीज लावायचं आणि दर अर्ध्या मिनिटाला फळी हलवून तो सुटतोय ना हे बघायचं. ओला सॉस वर घेऊन पीठ बसून राहिलं की ते फळीला धरतंच. सरकवताना घरात कोणी बोलत नाही. फळी ट्रेच्या मागच्या कडेला टेकवायची, एक छोटा हिसका, पुढची कड ट्रेला लागून चर्र आवाज आला की फळी सरळ मागे. मग सगळे एकदम बोलायला लागतात.

आणि पाचव्या पिझ्झाचं जे दुःख मला होतं, त्यावर तोडगा मुलीनेच काढला. पिझ्झा कोणा एकाचा नसतो. जो बाहेर येईल त्याचे पाच तुकडे, ओट्यापाशीच उभ्याने खायचे, तोवर दुसरा आत. तिला अननसाचा तुकडा खावा लागतो, त्याला तिचं बेसिल. टेबल आम्ही त्या दिवशी मांडतच नाही. मी पाचही वेळा गरम खाते.

गेल्या महिन्यात बाबांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. वाकायचं नाही, म्हणून शनिवारी ते खुर्चीत टेकून बसले होते आणि मुलगी एकटीच मोजत होती. पाच ग्रॅम, पन्नास ग्रॅम, ढवळणं. ती २२ वर आली तेव्हा मी आकडा बघायला पुढे झाले.

"तू नको बघूस," बाबा म्हणाले.

मी मागे झाले.

रविवारी रात्री भांडी आवरताना त्यांची वही ओट्यावर उघडीच राहिलेली दिसली. प्रत्येक शनिवारची मापं ते त्यात लिहितात. त्या दिवसाची नोंद मुलीच्या अक्षरात होती. मैदा ६००, पाणी ३७०, मीठ १२, यीस्टचं पाणी २२. बाजूला समासात, प्रयोगशाळेत ते विद्यार्थ्यांच्या वह्यांवर करायचे तशी, लाल पेन्सिलीने बरोबरची खूण होती. डोळ्यावरच्या पट्टीमुळे ती जरा ओळीच्या वर गेली होती.