आत्याचं पुस्तक ईपबमध्ये

आत्याची प्रवासवर्णनं ईपब, म्हणजे ई-पुस्तकाच्या फाइलमध्ये आणायची होती. ती डीटीपीवाल्याने जुन्या, युनिकोड (अक्षरं साठवायची सगळीकडे चालणारी प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. म्हणजे खरी मेहनत आधी मजकूर युनिकोडमध्ये आणण्याची. हे रूपांतर करणारे कन्व्हर्टर रफार आणि पहिली वेलांटी हमखास भलतीकडे टाकतात. 'वर्षी', 'दुसऱ्या' असे शब्द डोळ्यांनीच तपासावे लागतात. आत्या शेजारी बसून माझ्या आधी चुका पकडत होती!

पुढचं सोपं. लिब्रेऑफिसमध्ये प्रकरणांना हेडिंग स्टाइल दिली की अनुक्रमणिका आपोआप तयार होते. ई-पुस्तकांचं सॉफ्टवेअर कॅलिबर फाइलचा प्रकार बदलायला उत्तम. पण ईपब म्हणजे शेवटी झिप केलेली एचटीएमएल (वेबसाइटसारखी) पानं, ती हाताने नीटनेटकी करायला मला सिजिल हा ईपब-संपादकच आवडतो. मुक्त परवान्याचा 'मुक्ता' फॉन्ट आत घातला, ईपबमधल्या चुका दाखवणाऱ्या ईपबचेकने तपासलं. अक्षरांचं माप तेवढं पिक्सेलऐवजी एममध्ये (म्हणजे मूळ अक्षरमापाच्या पटीत) द्या; आत्याच्या वयाचे वाचक अक्षर मोठं करणारच.