तुम्ही विचारलंत म्हणून: दिवाळी पहाटेला तिकीट कशाला?

मंडईत, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यात नंबर लावून बसलेलो असताना, कुठेही विचारतात. ‘दिवाळी पहाटेला कसलं तिकीट लावता हो?’ सांगलीत बाकी कुठल्या पहाटेला पैसे पडत नाहीत, वर उटण्याची पुडी मिळते, हे मला ठाऊक आहे. त्या फ्लेक्सवर भाऊंचा फोटो चौकापलीकडून दिसतो आणि गवयाचं नाव शोधायला चष्मा लागतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

मग कुणीतरी मिरज काढतंच. दर्ग्यात उरुसाला मोठमोठे गवई गातात, तिथे कुठे तिकीट आहे? नाही. तिथे किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, कलाकार त्यांच्यापुढे हजेरी लावायला येतात. पण त्याच खाँसाहेबांच्या शिष्याच्या नावाने पुण्यात 1953 पासून सवाई गंधर्व महोत्सव होतो. त्याचं तिकीट काढताना तुमच्यातल्या कुणी कुरकुर केलेली मी ऐकलेली नाही.

पूर्वी मीही तुमच्याच बाजूचा होतो. गाणं विकायचं नाही, पास वाटायचे, खर्च प्रायोजकाने करायचा. चांगलं चाललं होतं, असं तेव्हा वाटायचं.

ती नरक चतुर्दशीची पहाट. सहाच्या आत लाउडस्पीकर लावता येत नाही, म्हणून गाणाऱ्या बाईंनी तानपुरे आधीच जुळवून ठेवले आणि सहाच्या ठोक्याला ललत राग धरला. समोर पांढऱ्या खोळी घातलेले सोफे, पाठीवर ‘राखीव’चे कागद टाचलेले. सगळे रिकामे. मागे माणसं भिंतीला टेकून उभी. बाईंनीच हाताने खूण केली, पुढे या. एक आजी नातीला घेऊन निघाल्याही. आमच्याच बिल्लेवाल्या पोराने त्यांना अडवलं, ‘साहेबांची माणसं यायचीत.’

साहेब सव्वासातला आले, फोटोग्राफरसकट. लगेच निवेदकाकडे चिठ्ठी गेली: सत्कार आत्ताच उरका, साहेबांना अजून दोन पहाटा करायच्यात. द्रुत, म्हणजे जलद लयीची बंदिश, चालू होती. तबलजींनी हात आखडला. शाल, श्रीफळ, बाई उभ्या, साहेबांचं भाषण. ते निघाले तसे सोफे पुन्हा ओस. बाई खाली बसल्या, स्वरमंडळावरून एकदा बोटं फिरवली आणि थेट मैफल संपवायची भैरवी सुरू केली. साडेनऊपर्यंतचा कार्यक्रम, आठही वाजले नव्हते. मागे उभ्या असलेल्यांना बरोबर कळलं. काहीजण तिथूनच निघाले. बिदागीचं पाकीट द्यायला गेलो तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, ‘चहा गरम आहे का?’

पुढच्या वर्षापासून दोनशे रुपये, प्रत्येक खुर्चीला नंबर, आणि राखीव काही नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तिकीट लावूनही मंडप भरतो कसा? पास फ्रिजवर चिकटून राहतो, पैसे मोजलेला माणूस गजर लावतो. ग्रुपवरचे अंगठे मोजून खुर्च्या मागवल्यात तर भलं फक्त मंडपवाल्याचं. आम्ही तिकिटं मिठाईवाल्याच्या गल्ल्यावर ठेवतो, कारण दिवाळीआधी तिथे सगळं गाव येतं. आणि गाण्याच्या क्लासमध्ये. परीक्षेला बसलेली पोरं आईबापांना ओढून आणतात. फ्लेक्स एकच, त्यावर गाणाऱ्याचं नाव सगळ्यांत मोठं.

तिकिटांवर खर्च निघतो असं समजू नका. निम्मा अजून जाहिरातदारच देतात, फक्त त्यांचं नाव तिकिटाच्या मागे आणि बसायचं तर त्यांनीही तिकीट काढायचं. (एकाने काढलं. बाकीचे अजून रागावलेत.)

त्या आजी मात्र परत दिसल्या नाहीत. दोनशे जड झाले, की तो बिल्लेवाला मनात राहिला, कुणास ठाऊक. मागच्या दोन रांगा पन्नासात देऊन पाहिल्या, तर ‘आम्हाला मागे बसवता का’ म्हणून भांडण. फुकट होतं तेव्हा उभं राहायला कुणाची हरकत नव्हती. यंदा काय करायचं यावर आमच्यात अजून वाद चालू आहे, आणि त्यात मी दोन्ही बाजूंनी बोलतो.

तिकिटं दसऱ्यापासून मिळतील. पास मागू नका.