आई आणि ग्रँडमा मोझेस

आई सहा महिन्यांसाठी आलीये. नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं, तरी रोज एकच, "बसून बसून कंटाळा आला गं." शेवटी शनिवारी तिला बेनिंग्टनला नेलं, आमच्या अल्बनीपासून तासाभराचा ड्राइव्ह, व्हरमाँट लागलं की आलंच. तिथल्या म्युझियममध्ये ग्रँडमा मोझेस या अमेरिकन चित्रकार आजीची भरपूर चित्रं आहेत.

खरं नाव ॲना मेरी रॉबर्टसन मोझेस, जन्म १८६० चा. बाराव्या वर्षापासून लोकांच्या घरी कामाला, मग लग्न, शेती, लोणी काढून विकणं, दहा मुलं झाली त्यातली पाच तान्ही असतानाच गेली. म्हातारपणी लोकरीने चित्रं भरायची, पण संधिवाताने बोटांत सुई धरवेना तेव्हा बहीण म्हणाली, मग रंगवून बघ. तेव्हा पंचाहत्तरी उलटलेली! व्हॉट्सॲपवर तिच्या नावाने 'वय हा फक्त आकडा' छाप फॉरवर्ड फिरतात ना, मला ते काही पटत नाही. स्वप्न वगैरे काही नव्हतं हो, बाईला नुसतं बसवत नव्हतं इतकंच.

आईने अर्थात आधी चित्राकडे नाही, फळीकडे बघितलं. "कापड नाहीये का हे?" नाही, हार्डबोर्ड, त्यावर पांढऱ्या रंगाचे तीन हात द्यायचे आणि मग वरून खाली यायचं, आधी आकाश, मग डोंगर, झाडं, घरं, माणसं सगळ्यात शेवटी. बर्फावर चक्क चमकी टाकायची ती! लोक नावं ठेवायचे, पण उन्हात बर्फ कसा लकाकतो ते इथे एक हिवाळा काढला की कळतं.

मग शॉपमध्ये आईच्या हाताला एक पोस्टकार्ड लागलं, शुगरिंग ऑफचं, म्हणजे मेपलच्या झाडाचा रस काढून आटवतात ते. बर्फात मोठं भांडं, खाली जाळ, बाजूला पोरांची झुंबड. आमचं माहेर कराडकडचं, त्यामुळे आई बघताक्षणी, "अगं हे तर आपलं गुऱ्हाळ! काहील जरा बारकी आहे." मी सांगितलं की पोरं तो गरम पाक बर्फावर ओतून खातात, तर म्हणे आम्ही काकवी अशीच बोटाने चाटायचो, चुलाणाशी गेलो की आजोबा ओरडायचे, आणि मग पुढची दहा मिनिटं तिथेच उभी राहून तिने मला आजोबांचं अख्खं गुऱ्हाळ ऐकवलं, मागे बिलाची लाईन.

येताना हूसिक फॉल्स या गावाजवळून आलो. १९३८ साली तिथल्या औषधाच्या दुकानाच्या खिडकीत ही चित्रं धूळ खात होती, लुई काल्डोर नावाच्या कलेक्टरने बघितली आणि होती नव्हती ती सगळी उचलली, किंमत तीन-पाच डॉलर. दोन वर्षांत न्यूयॉर्कला स्वतंत्र प्रदर्शन. १०१ वर्षं जगली आणि दीड हजारावर चित्रं केली.

आईला सांगितलं, त्याआधी ग्रँडमा मोझेसने जत्रेत चित्रं आणि जॅम दोन्ही ठेवलं होतं, बक्षीस मिळालं जॅमला. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जॅम चांगला झाला असेल."

घरी आल्यावर माझा जुना टेबलक्लॉथ मागून घेतलाय. सुई मीच ओवून देते.