आमच्या बिलांचा कोड एस्क्रोमध्ये ठेवताना

यावल तालुक्यातल्या एका केळी फळविक्री संस्थेत मी व्यवस्थापक आहे. मे महिन्यात वादळ झालं की आमच्याकडे उभी बाग एका रात्रीत आडवी होते. मग तीन-चार दिवसांत हाती लागेल तेवढा माल कापून गाडीत चढवावा लागतो. दोन वर्षांपूर्वी नेमक्या अशाच आठवड्यात बँकेनं पैसे वर्ग करायच्या फाइलचा नमुना बदलला. आमचा बिलांचा प्रोग्राम जुन्या नमुन्यातच फाइल काढायचा आणि बँक ती परत करायची. दुरुस्ती फार तर पंधरा-वीस ओळींची होती. पण त्यासाठी प्रोग्रामचा मूळ कोड, म्हणजे प्रोग्रामरनं लिहिलेला, वाचता-बदलता येणारा मजकूर लागतो. तो लिहिणाऱ्या दोन भागीदारांची फाटाफूट झाली होती आणि दोघंही म्हणत होते की कोड दुसऱ्याकडे आहे.

आमचं बिल, म्हणजे शेतकऱ्याला त्याच्या केळीचे किती पैसे द्यायचे याचा हिशेब, सोपं नसतं. नवती (नव्या लागवडीची केळी), पिलबाग (खोडव्याची) आणि वापसी (हलक्या प्रतीचा माल) यांचे भाव वेगळे, ते रोज बदलतात. त्यातून कमिशन, हमाली आणि आधी दिलेली उचल वजा करायची. अकरा दिवस आम्ही पाच जणांनी हे सगळं हातानं लिहिलं, धनादेश फाडले. न्हावीचा एक म्हातारा शेतकरी रोज सकाळी ओट्यावर येऊन बसायचा. "भाऊ, माझं बिल केव्हा निघीन?" एवढंच विचारायचा. त्याची अख्खी बाग पडली होती आणि नव्या लागवडीची रोपं रोखीनं आणायची होती. त्याच्यापुढे उभं राहताना मला झालेली लाज मी विसरलेलो नाही.

त्या पावसाळ्यात नवा प्रोग्राम बनवून घ्यायचं ठरलं. आमचे चेअरमन नाना म्हणाले, "या वेळी कोड आपल्या कपाटात पाहिजे. पैसे आपण देतो, मग माल आपला नाही का?" मलाही तसंच वाटत होतं. जळगावच्या वकीलसाहेबांनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं की तसं नसतं. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे संगणक प्रोग्राम हे साहित्यकृतीसारखं धरलं जातं आणि पहिला हक्क लिहिणाऱ्याचा असतो. नोकरीतल्या माणसानं कामाचा भाग म्हणून लिहिलं तर तो मालकाकडे जातो, पण बाहेरच्या कंपनीला काम दिलं तर नुसत्या पैशांनी हक्क बदलत नाही. त्यासाठी लेखी आणि सही केलेलं हस्तांतर लागतं. पुण्याची जी कंपनी आम्ही निवडली होती, ती तोच पाया इतर संस्थांसाठीही वापरणार होती. ती हक्क विकायला तयार नव्हती आणि तिचं म्हणणं मला रास्त वाटलं.

तेव्हा वकीलसाहेबांनी एस्क्रोचा मार्ग सुचवला. कोड तिसऱ्याच्या ताब्यात ठेवायचा. कंपनी ठेवणारी, आपण लाभार्थी आणि मध्ये एक एजंट, असा तिघांचा करार. ठरलेली वेळ आली तरच एजंट तो आपल्याला देतो. मोठ्या बँकांना हे नवीन नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या माहिती-तंत्रज्ञानविषयक निर्देशांत महत्त्वाच्या प्रणालींचा मूळ कोड विक्रेत्याकडून घ्या, ते शक्य नसेल तर एस्क्रो किंवा तशी दुसरी सोय करा, असं म्हटलेलं आहे. आमची संस्था सहकार कायद्याखाली नोंदलेली, तिला ते निर्देश लागू नाहीत. पण बिल अडलं की होणारा त्रास बँकेच्या खातेदारापेक्षा आमच्या शेतकऱ्याला कमी होत नाही.

खरी ओढाताण झाली ती कोड कधी सुटायचा या कलमावर. कंपनीनं पाठवलेल्या मसुद्यात एकच प्रसंग होता: कंपनी दिवाळखोरीत गेली तर. वकीलसाहेबांनी त्यावर लाल रेघ ओढली. दिवाळखोरी संहिता, २०१६ खाली अर्ज दाखल करून घेतला की कंपनीच्या मालमत्तेवर स्थगिती लागते आणि सगळा कारभार दुसऱ्याच्या हाती जातो. शिवाय गुजरात ऊर्जा विकास निगमच्या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं केवळ दिवाळखोरीच्या कारणावरून करार संपवायला लावलेली मनाई कायम ठेवली होती. "त्या एका शब्दावर टांगून राहू नका," ते म्हणाले. "काम थांबलं, हे कागदावर दाखवता येईल असं कारण लिहा. आणि कंपनी बुडायच्या कितीतरी आधी काम थांबतं, हे तुम्ही भोगलंय."

ते अगदी खरं होतं. आमचे जुने भागीदार दिवाळखोर झालेच नव्हते, ते फक्त फोन उचलत नव्हते.

म्हणून मी आमच्या हंगामातूनच प्रसंग काढले. बिल निघत नाही किंवा बँकेची फाइल तयार होत नाही अशी लेखी तक्रार गेली आणि सात दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर कोड सुटेल. एप्रिल ते जुलै या कापणीच्या काळात ही मुदत तीन दिवसांची. कंपनीनं देखभाल बंद करत असल्याचं कळवलं किंवा कंपनीचं नाव निबंधकांच्या नोंदवहीतून कमी झालं, तरी सुटेल. कंपनी विकली गेली आणि नव्या मालकानं तीस दिवसांत आमचा करार लेखी मान्य केला नाही, तरीही सुटेल. तीन दिवसांवर कंपनीचा तरुण संचालक अडून बसला. त्याला मी वादळानंतरचे हाती लिहिलेले बिलांचे गठ्ठे दाखवले. तो बराच वेळ ते चाळत राहिला आणि मग त्यानं होकार दिला.

त्याची भीती वेगळी होती. खोटी तक्रार करून आम्ही कोड काढून घेऊ आणि शेजारच्या संस्थेला देऊ, असं त्याला वाटत होतं. ती भीती उडवून लावणं मला बरोबर वाटलं नाही, त्याची दोन वर्षांची मेहनत त्यात होती. मग असं ठरलं की मागणी आल्यावर कंपनीला पाच दिवसांत पुराव्यासह हरकत घेता येईल. हरकत आली नाही तर एजंटनं कोड द्यायचाच. हरकत आली तर जळगावातच एक लवाद पंधरा दिवसांत निर्णय देईल. आणि कोड मिळाला तरी आम्हाला मिळेल तो फक्त परवाना: स्वतःच्या कामासाठी वापरायचा, दुरुस्त करायचा, गोपनीयतेची सही घेऊन बाहेरचा प्रोग्रामर लावायचा. विकायचा नाही, वाटायचा नाही. बाहेरच्या प्रोग्रामरचं वाक्य मसुद्यात नव्हतं. ते नसतं तर कोड हातात असून उपयोग शून्य, कारण आमच्याकडे कोड वाचणारं कुणीच नाही.

परवान्याची मुदतही वकीलसाहेबांनी आठवणीनं घालून घेतली. कॉपीराइट कायद्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. आम्ही 'कायमस्वरूपी' असा शब्द घातला.

एक गोष्ट मात्र मी एस्क्रोत जाऊ दिली नाही: आमचा डेटा. सभासदांची नावं, खाती, वजनं, बिलं हे सगळं संस्थेचं आहे, ते सुटण्याच्या अटीमागे कशाला अडकवायचं? दर शनिवारी साध्या, कुठल्याही संगणकावर उघडेल अशा नमुन्यात त्याची प्रत आमच्याकडे येते. कुणी मला विचारलं तर आधी एवढं करून घ्या, असंच मी सांगेन.

सह्या झाल्या, ठेव, म्हणजे एजंटकडे ठेवायची कोडची प्रत, जमा झाली, एजंटची पोचपावती आली. संचालक मंडळात पेढे वाटायची तयारी होती. मी सांगितलं, थांबा. एजंटच्या साध्या तपासणीत फाइली उघडतात का आणि त्यात विषाणू नाही ना, एवढंच पाहतात. त्या कोडपासून प्रोग्राम उभा राहतो का, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागणार होते आणि मंडळात दोन बैठका त्यावर वाद झाला. शेवटी नानांनीच तो खर्च मंजूर करून घेतला.

तिघांच्या संमतीनं जळगावच्या एका प्रोग्रामर ताईंना हे काम दिलं. कोरा लॅपटॉप, ठेवीतली प्रत आणि सोबतची सूचना-पत्रिका, बाकी काही नाही. कंपनीला फोन करायचा नाही, ही अट. पहिल्याच दिवशी गाडी अडली. बिल छापणारा भाग विकत घेतलेला होता आणि त्याची परवाना-किल्ली ठेवीत नव्हती. ती अडचण बाजूला ठेवून पुढे गेल्या, तर वजनकाट्यावरून वजन उचलणाऱ्या भागाचा मूळ कोडच नाही, फक्त तयार फाइल. डेटाबेसमधले तक्ते रिकाम्यापासून उभे करायच्या सूचना नाहीत. सूचना-पत्रिकेत जागोजागी 'डी ड्राइव्हवरचा फोल्डर' असं लिहिलेलं, आणि तो फोल्डर पुण्याच्या त्या एका टेबलावरच्या संगणकात. ताईंनी चार पानांची यादी केली. कंपनीत कुणी लबाडी केली होती असं मला अजिबात वाटत नाही. रोज त्याच संगणकावर काम करणाऱ्याला आपल्या हाताशी काय काय आहे ते दिसेनासं होतं. पण त्या अवस्थेत कोड आमच्याकडे आला असता, तर आम्ही पुन्हा ओट्यावर हातानं बिलं लिहीत बसलो असतो.

दुसऱ्या ठेवीत सगळं आलं: वापरलेल्या प्रत्येक तयार भागाचं नाव आणि आवृत्ती, किल्ल्या, तक्ते, पायरीपायरीनं सूचना. या वेळी प्रोग्राम दीड दिवसात उभा राहिला. मग मी तीन जुनी बिलं दिली. नवतीचं बिल रुपयाला रुपया जुळलं, पिलबागेचंही. वापसीच्या बिलात सात रुपयांचा फरक आला. कारण शोधलं तेव्हा कळलं की पैसे पूर्णांकात करायचा नियम मधल्या काळात बदलला होता. तो चालू प्रोग्राममध्ये होता, ठेवीत नव्हता. म्हणजे ठेव शिळी होती.

त्या सात रुपयांवरून करारात पुरवणी जोडली. नवी आवृत्ती बसवली की पंधरा दिवसांत नवी ठेव. ठेवीतून बांधलेला प्रोग्राम आणि आमच्या कचेरीत बसवलेला प्रोग्राम, दोन्हींचा एसएचए-२५६ ठसा कंपनीनं लेखी कळवायचा. फाइलीवरून गणितानं काढलेला हा चौसष्ट अक्षरांचा ठसा फाइलीत एक अक्षर बदललं तरी सगळा बदलतो. तो न जुळला तर ठेव झाली असं धरायचं नाही. आमची क्लार्क ताई आता आवृत्ती बदलल्यावर आमच्या संगणकावरचा ठसा स्वतः काढते आणि कळवलेल्याशी अक्षरन् अक्षर ताडून रजिस्टरमध्ये लिहिते. कोड काय असतो हे तिला माहीत नाही, त्याची गरजही नाही.

वर्षातून एकदा बांधून पाहायची तपासणी फेब्रुवारीत ठेवली आहे, कापणीची गर्दी सुरू व्हायच्या आधी. यंदाच्या तपासणीसाठी मी वादळाच्या आठवड्यातली, हातानं लिहिलेली चाळीस बिलं काढून ठेवली आहेत. न्हावीच्या बाबांचं त्यात सगळ्यात वर आहे.